वर्क_मेम वाढवला की झालं?

दर्यावर्दी: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मासळी-आवकीच्या टेबलावर 'ऑर्डर बाय' (नोंदी बंदर-तारखेच्या क्रमाने लावणं, म्हणजे सॉर्ट) रखडतो, त्यावर कालच्या पोस्टमधला सल्ला: "वर्क_मेम ४ एमबीचा २५६ करा, विषय संपला." वाचून डोकं फिरलं. वर्क_मेम, म्हणजे सॉर्टला वापरता येणाऱ्या मेमरीची मर्यादा, अख्ख्या सर्व्हरला मिळून नसतो, प्रत्येक सॉर्टला वेगळा. १०० कनेक्शन, प्रत्येकी दोन सॉर्ट, की मजल ५० जीबीपर्यंत. १६ जीबीच्या मशीनवर लिनक्स प्रोसेसच मारून टाकेल. आधी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी कशी चालली याचा प्लॅन) बघा. 'एक्स्टर्नल मर्ज' (सॉर्ट डिस्कवर गेला) दिसलं तरच मेमरी कमी पडतेय, आणि तेव्हाही त्या रिपोर्टपुरतं 'सेट लोकल' (एका ट्रान्झॅक्शनपुरता बदल) पुरे.

कातळ: पोस्ट माझीच. डिस्कवर १८० एमबी दिसले म्हणून १८० देऊन भागत नाही, मेमरीत तोच डेटा जास्त जागा खातो. म्हणून २५६. तुमच्याकडे दुसरा उपाय काय?

दर्यावर्दी: (बंदर, तारीख) असा इंडेक्स, म्हणजे आधीच क्रमाने लावलेली सूची. सॉर्टच उरत नाही. नुसता बंदरावर असला तरी १३व्या आवृत्तीपासून इन्क्रिमेंटल सॉर्ट आहे, एकेका बंदराचा गठ्ठा तेवढा लावतो. लिमिट २० (फक्त पहिल्या २० नोंदी) असेल तर बहुधा पहिल्याच गठ्ठ्यात काम उरकतं.

रापण: लिमिटवर एवढा भरवसा नको. इंडेक्स नुसता तारखेवर, आणि ३१ जुलैला 'ट्रॉलरच्या शेवटच्या २० नोंदी' मागा. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) धरून चालतो की ट्रॉलर वर्षभर सारखे पसरलेत, आणि इंडेक्स उलटा वाचत सुटतो. पण १ जूनपासून ट्रॉलरना पावसाळी बंदी! दोन महिन्यांच्या बिगरयांत्रिक होड्या चाळून फेकल्यावर कुठे पहिला ट्रॉलर लागतो. इंडेक्स (प्रकार, तारीख) हवा.

आणि मजकुराच्या सॉर्टवर कोणीच बोलत नाही. वेगासाठी कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) 'सी', म्हणजे नुसता युनिकोडचा क्रम, ठेवतात, मग कळसुली कसालच्या आधी येते, कारण युनिकोडात ळ हा ल-च्या पाठोपाठ बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर.

कातळ: गावांच्या यादीपायी वेग घालवायचा?

रापण: शोधणाऱ्याला गावच सापडलं नाही तर वेग घेऊन काय करायचंय? 'एमआर-एक्स-आयसीयू' हे मराठीचं कोलेशन लावा, आणि इंडेक्सही त्याच कोलेशनचा. इंडेक्स 'सी'चा नि ऑर्डर बाय मराठीचा, तर सॉर्ट परत आलाच.

दर्यावर्दी: धागा प्लॅनवर आहे, वर्णमालेवर नाही!

रापण: असलेला इंडेक्स सॉर्टच्या कामी का येत नाही, हा प्लॅनचाच प्रश्न आहे. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला तेव्हा ज्यांनी रीइंडेक्स केलं नाही (इंडेक्स नव्याने बांधला नाही), त्यांच्या मजकुराच्या इंडेक्सवर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.

कातळ: बरं, सर्व्हरभर २५६ नको, तेवढं मागे घेतो. पण महिन्याच्या रिपोर्टला अख्खं टेबल इंडेक्सने वाचायचं म्हणजे डिस्कवर उड्याच उड्या. प्लॅनर तिथे सीक्वेन्शल स्कॅन (टेबल सलग वाचणं) करून सॉर्ट लावतो तेच बरोबर. तिथे 'सेट लोकल' २५६ राहणार.

दर्यावर्दी: राहू द्या. फक्त 'बिगिन'च्या, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या, आत लिहा. बाहेर लिहिलंत तर नुसती वॉर्निंग येते, वर्क_मेम ४ चा ४ च राहतो.