कापसाचं आयात शुल्क सौद्याआधीच सोडून दिलं, हे शहाणपण की घाई?

पऱ्हाटीवाला, काटोल रोड
अमेरिकेनं 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या बऱ्याचशा मालावर एकूण 50 टक्के शुल्क लावलं. त्याच्या आठवडाभर आधी आपण कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. शुल्क कधीच कमी करू नये असं माझं म्हणणं नाही. पण अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी चालू असताना हे आधीच देऊन टाकलं, बदल्यात काय घेतलं? बैलबाजारातही माणूस रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो, आपला आकडा आधी ओरडून सांगत नाही.

ऑस्ट्रेलियाशी केलेला करार बघा, डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला. त्यांना 51 हजार टन कापूस शुल्काविना आणायची मुभा दिली, त्यांनी आपल्या कपड्यांवरचं 5 टक्के शुल्क काढलं. याला म्हणतात देणंघेणं.

सूतवाला, बुटीबोरी
भाऊ, तिरुपूरच्या कपडे कारखान्यांच्या ऑर्डरी गेल्या तर तुमची रुई घेणार कोण? बांगलादेश, व्हिएतनामच्या गिरण्या बाहेरचा कापूस बिनशुल्क आणतात आणि आम्ही 11 टक्के भरून त्यांच्याशी भिडायचं. शिवाय हे शुल्क आलं फेब्रुवारी 2021 मध्ये. 2022 ला कापूस क्विंटलमागं 10 हजारांच्या वर गेला तो जगातल्या तेजीनं. त्या एप्रिलात शुल्क माफ झालं तरी भाव लगेच कोसळला नाही. पुढं शुल्क परत लागलं आणि भाव मात्र उतरत गेला. मग शुल्कानं शेतकरी तारला कुठं?

पऱ्हाटीवाला
तेजीत शुल्काचं काम पडत नाही, मंदीत पडते. आणि महिने पाहा ना! ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आमची पहिली-दुसरी वेचणी. वेचणीची मजुरी, कृषी केंद्राची उधारी, दिवाळी, सारं त्याच पैशावर. ज्याच्या घरी कापूस ठेवायला जागा आहे तो मार्चपर्यंत थांबेल. बाकीचे गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या गाडीत टाकून मोकळे होतात. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलमागं 8,110 होता, पण सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की घेत नाही. पाऊस लांबला तर सुरुवातीच्या कापसात ओलावा असणारच.

संत्रा_बागवान
शुल्काचा मार काय असतो ते आम्हाले विचारा. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये किलोमागं 20 टका (टका म्हणजे तिकडचं चलन) शुल्क होतं, 2023 पर्यंत 88 टका झालं. माल गावातच पडला, मातीमोल गेला. आमच्यासाठी कोण भांडलं? मोठ्या वाटाघाटीत तेल, विमानं, औषधं. संत्रा यादीच्या तळाशी.

महाल_कट्टा
दोघंही एक मुद्दा सोडताय. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानं साधी शुल्कमाफी एकट्या अमेरिकेला देता येत नाही, ती सगळ्यांना लागते. म्हणजे ऑगस्टच्या माफीचा फायदा ब्राझीललाही मिळाला, ज्यांच्याशी आपलं भांडणच नव्हतं. एकाच देशाला द्यायचं तर व्यापार करार करून कोटा ठरवा, ऑस्ट्रेलियासारखा. अमेरिकेच्या एप्रिल 2025 च्या शुल्काच्या आदेशातच पळवाट होती: मालाच्या किमतीत किमान 20 टक्के वाटा अमेरिकी असेल, तर तेवढ्या भागावर ते शुल्क नव्हतं. त्यांचा कापूस घ्यायचाच, तर त्याच कापसाच्या कपड्यांसाठी सूट वाढवून मागायची होती. फुकट काऊन दिलं?

सूतवाला
करार व्हायला वर्षं लागतात. मजुरांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. आणि निर्यातीच्या सुताला दर्जेदार कापूस लागतो, हेही लक्षात घ्या.

पऱ्हाटीवाला
दर्जाचं सांगू नका. 32 मिलिमीटरहून लांब धाग्याचा कापूस फेब्रुवारी 2024 पासूनच शुल्कमुक्त आहे. ऑगस्टमध्ये माफी मिळाली ती त्याहून आखूड धाग्याला, म्हणजे विदर्भात पिकतो त्याच कापसाला.

सूतवाला
लांबीचं मान्य. पण तुमच्या कापसाच्या गाठीत प्लास्टिकच्या पोत्याचे धागे निघतात, ते रंगवताना कापडावर दिसतात आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. ब्राझीलच्या गाठीत ही कटकट फार कमी. कोटा द्या, पण जानेवारीनंतर द्या, मी सही करतो.

पऱ्हाटीवाला
जानेवारी नाही, एप्रिल. आणि कापडी पोती सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यानं पुरवावी, वेचणाऱ्या बाईच्या मजुरीतून नको.