फोरट्रानमध्ये सातव्या कॉलमपासूनच का लिहायचं?

पंचवटीकर: बाबा सातपूरला कंपनीत होते, त्यांच्या जुन्या वहीत एक पंच कार्ड (भोकं पाडून कॉम्प्युटरला प्रोग्राम द्यायचं ते पुठ्ठ्याचं कार्ड) सापडलं, वरती कोपरा कापलेला. मागे पेन्सिलीने लिहिलंय "७ ते ७२". हे काय आहे?

कॉलेजरोड: फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेचा जुना नियम आहे तो, फोरट्रान ९० येईपर्यंतचा. कार्डावर ८० कॉलम (उभे रकाने, एकात एक अक्षर), पहिल्या पाचात लेबल म्हणजे ओळीचा नंबर, सहाव्यात शून्य सोडून काही टाकलं की मागची ओळ पुढे चालू, आणि स्टेटमेंट म्हणजे खरी सूचना ७ ते ७२. आता ७२ च का, तर १९५७ साली फोरट्रान आलं ते आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर, त्याचा वर्ड (मशीन एका वेळी हाताळतं तो ०/१ चा, म्हणजे बिटांचा गट) ३६ बिटचा आणि कार्ड रीडर एका रांगेतून दोनच वर्ड उचलायचा, म्हणजे ७२. उरलेले आठ कॉलम कार्डांना नंबर द्यायला, गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यायचा. व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या जागेचं) नाव तेव्हा जास्तीत जास्त सहा अक्षरांचं, तेही त्यामुळेच, अक्षराला ६ बिट आणि वर्ड ३६ चा. लिस्प भाषेत यादीचा पहिला आणि उरलेला भाग देणाऱ्या कार आणि कडर यांची नावं पण याच मशीनच्या वर्डच्या भागांवरून आलीत!

सिडको_नाशिक: सी या प्रोग्रामिंग भाषेबद्दल पण सांगतो, मला फार आवडतं हे. सी जिथे बनली त्या बेल लॅब्सच्या पहिल्या पीडीपी-११ कॉम्प्युटरला मेमरी फक्त २४ केबी, अख्खा प्रोग्राम पोटात घेऊन मागेपुढे बघणं कंपायलरला (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला) परवडायचंच नाही, म्हणून नाव आधी डिक्लेअर करा (जाहीर करा) मग वापरा. अशी डिक्लेरेशन्स ठेवायच्या हेडर फाइल्स आपण आजही लिहितो त्या तिथूनच.

पंचवटीकर: बाप रे. कार्ड लॅमिनेट करून ठेवतो आता.