महिन्याला वीसेक पानं मिळतात, त्यात काही घडायला नको का? (अ‍ॅब्सोल्यूट विरुद्ध अल्टिमेट, स्पॉयलर आहेत)

पानपलट्या

अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन १ आला, म्हणजे अमेरिकन कॉमिक्स कंपनी डीसीच्या नव्या लाइनचे तिन्ही पहिले अंक झाले (बॅटमॅन आणि वंडर वुमन ऑक्टोबर २०२४, सुपरमॅन नोव्हेंबर) आणि आता मला जे म्हणायचंय ते बोलतोच. वर्षभर सगळे मार्व्हलच्या अल्टिमेट स्पायडरमॅनला डोक्यावर घेऊन नाचतायत, मीही जानेवारीत पहिला अंक वाचून नाचलो होतो, पण अंक म्हणून, म्हणजे महिनाभर थांबून हातात पडणारी वीसेक पानं म्हणून बघितलं तर अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन १ ने जे दिलं ते अल्टिमेट स्पायडरमॅन लिहिणाऱ्या हिकमनच्या या वर्षीच्या चार-चार अंकांत मिळत नाही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडे आयडिया एकच, ओळखीच्या हिरोचा आधार काढून घ्यायचा. लेखक स्नायडर आणि चित्रकार ड्रॅगोटाचा ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, अब्जाधीश नाही, वाडा नाही, बटलर नाही, तो सिटी इंजिनियर आहे. बाप शाळामास्तर होता आणि झूमधल्या गोळीबारात गेला, आई जिवंत आहे. आल्फ्रेड हा एमआय-६ चा एजंट, याच्यावर नजर ठेवायला पाठवलेला, आणि गोष्ट तोच सांगतो. तिकडे अल्टिमेटमध्ये मेकर नावाच्या खलनायकाने जगाचा इतिहासच बदललाय म्हणून पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, तरुणपणी कोळी चावलाच नाही. तो पस्तिशीच्या आसपासचा, एमजेचा नवरा, दोन पोरांचा बाप, आणि आता त्याला पॉवर मिळतात. अंकल बेन जिवंत, आंट मे नाही.

तर मुद्दा. बॅटमॅन १ मध्ये लहानपण आहे, झूचा प्रसंग आहे, पार्टी अ‍ॅनिमल्स गँग आहे, आल्फ्रेडची ओळख आहे, मारामारी आहे आणि छातीवरचं वटवाघूळ निघून कुऱ्हाड होतं तेही त्याच अंकात. एका अंकात! मान्य, पहिला अंक नेहमीपेक्षा जाड होता, तरीही. स्पायडरमॅन ४ आठवा, एप्रिलचा. जवळजवळ अख्खा अंक डिनर. पीटर, एमजे, हॅरी, ग्वेन, एक टेबल आणि गप्पा. महिनाभर थांबायचं आणि पदरात काय, तर गप्पा. मला हे पटत नाही म्हणजे नाही.

शाईचा_डाग

तू नेमका तोच अंक पकडलास जो माझ्या मते या वर्षीचा त्या सिरीजचा सगळ्यात भारी अंक आहे, त्यामुळे आता मला लिहावंच लागणार.

डिनरमध्ये काही घडत नाही हे कोण म्हणतं? त्या टेबलावर बसलेला हॅरी ग्रीन गॉब्लिन आहे आणि समोर पीटर स्पायडरमॅन, आणि दोघं आधीच्या अंकात मास्क घालून एकमेकांना भेटून आलेत. आता दोघं बायकांसमोर नॉर्मल माणसासारखं बसलेत. मला सांग, मारामारीची वीस पानं वाचताना तुला एकदा तरी वाटतं का की हिरोचं काही खरं नाही? इथे मला प्रत्येक पानाला वाटत होतं की आता फुटणार, आता फुटणार. बोलणं इकडचं चाललंय आणि नजरा भलतीकडे. चित्रकार मेसिनाने ते चेहऱ्यांवरच पेललंय, त्याला लपायला अ‍ॅक्शनच नाही. चार माणसं खुर्चीत बसून राहणार आणि पान तरी हलतं ठेवायचं, हे काढायला बिल्डिंगवरून उडी मारण्यापेक्षा अवघड असतं.

आणि पीटर पस्तिशीचा आहे हा त्या सिरीजचा पायाच आहे ना. पस्तिशीतल्या माणसाचं आयुष्य टेबलांभोवतीच असतं, पोरं, बायको, नोकरी, जुने मित्र. तिथे त्याला कोणाशी खोटं बोलावं लागतं आणि कोणाशी नाही हीच गोष्ट आहे. ते काढून टाकलंस तर उरतो तोच नेहमीचा स्पायडरमॅन, जो दुसऱ्या सिरीजमध्ये मिळतोच.

पानपलट्या

@शाईचा_डाग तुझं चेहऱ्यांबद्दलचं मान्य, मेसिनाबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार लिहिण्याबद्दल आहे. जो टेन्शन तू म्हणतोयस तो आठ पानांत बसला असता आणि उरलेल्या बारा पानांत खलनायक फिस्कची गोष्ट पुढे गेली असती. १९६२ मध्ये अमेझिंग फँटसी १५ मध्ये स्पायडरमॅनची अख्खी ओरिजिन ११ पानांत बसवली होती, कोळी चावणं, कुस्ती, चोराला सोडणं, काकांचा खून, चोर पकडणं, सगळं. २००० सालच्या जुन्या अल्टिमेट स्पायडरमॅनमध्ये तीच गोष्ट सात अंक ताणली. तेव्हापासून ही सवयच लागलीय की पुढे ट्रेड, म्हणजे अंक एकत्र करून पुस्तक, निघणारच आहे, मग लिहा आरामात. बेन आणि जेमसन ब्यूगल सोडून स्वतःचा पेपर काढतात हा किती भन्नाट धागा आहे, पत्रकार म्हातारे विरुद्ध फिस्क! तो मधेच दोन पानं दिसतो आणि गायब.

बुधवारवाला

११ पानांचं उदाहरण दरवेळी देतात लोक पण ती ११ पानं परत काढून बघा, प्रत्येक पॅनलमध्ये वरती कॅप्शन, खाली विचारांचा ढग, आणि चित्रात जे दिसतंय तेच पुन्हा शब्दांत. तसं आज कोणी लिहिलं तर आपणच बोंब मारू की लेखक चित्रकारावर विश्वास ठेवत नाही. आजच्या अंकात शब्द कमी आहेत म्हणून पानं जास्त लागतात, हा साधा हिशोब आहे.

आणि अल्टिमेटमध्ये दोन अंकांच्या मध्ये तिकडेही महिना जातो हे विसरू नका. मेकर शहरात कोंडलाय आणि दोन वर्षांनी तो बाहेर येणार, घड्याळ चालू आहे. म्हणजे आपण महिनाभर थांबतो तेव्हा पीटरही महिनाभर जगतो. ही गोष्ट मुळात सुटे अंक घेणाऱ्यांसाठीच केलीय, ट्रेडमध्ये सलग वाचलं तर ती मजा निम्मी जाते. त्यामुळे "ट्रेडसाठी लिहितात" हा आरोप निदान या सिरीजवर तरी नको.

गॉथमकर_नाही

मी दोन्ही पार्ट्यांच्या विरोधात आहे.

अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन १ मध्ये खूप काही घडतं हे खरंय पण त्यातलं किती लक्षात राहिलं? मला कुऱ्हाड आठवते आणि ब्रूसचा आकार आठवतो, तो माणूस आहे की कपाट. ड्रॅगोटाची लाइन जबरदस्त आहे, मी वाद घालत नाही, पण पान छोट्या छोट्या चौकटींनी इतकं गच्च की डोळा कुठे थांबवायचा तेच कळत नाही. आणि "ब्रूस गरीब आहे" याची जी हवा केलीय, तर गरीब माणसाकडे हा सगळा सरंजाम आला कुठून हा प्रश्न मला पहिल्या अंकापासून छळतोय. पैसा काढून टाकला म्हणायचं आणि पैशाने जे येतं ते सगळं तसंच ठेवायचं, हे चालणार नाही.

वंडर वुमन १ मात्र... तो अंक तिन्हींत उजवा आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाहीये याचं मला वाईट वाटतं.

तिसरी_चौकट

@गॉथमकर_नाही अखेर कोणीतरी बोललं!! मी वाटच बघत होते.

लेखिका केली थॉम्पसन, चित्रं हेडन शर्मन. अपोलो एक तान्ही पोर घेऊन नरकात सर्सी या चेटकिणीकडे येतो, ही तुझ्याकडे राहील म्हणतो, आणि अ‍ॅमेझॉन हा शब्द, म्हणजे तिच्या योद्ध्या बायकांच्या जमातीचं नाव, तिच्यासमोर उच्चारायचाच नाही. सर्सीला ती पोर नकोय, चक्क नकोय. आणि मग अंकात एका बाजूला आजची डायना, म्हणजे वंडर वुमन, सांगाडा झालेल्या पेगाससवर बसून, तिच्याएवढी मोठी तलवार घेऊन राक्षसांशी लढतेय, आणि दुसऱ्या बाजूला नरकात ही नको असलेली पोर हळूहळू सर्सीची मुलगी होतेय. लढाईची पानं मोठी, मोकळी, तिरपी, आणि सर्सीची पानं बंदिस्त. जॉर्डी बेलेअरचे रंग बघा, नरकातला लाल आणि लढाईतला लाल एकच नाहीये, घरातला लाल उबदार आहे. मी तो अंक संपवून लगेच परत पहिल्या पानावर गेले.

आता पानपलट्याच्या प्रश्नावर. यात घडतं किती? खरं तर दोनच गोष्टी, एक लढाई आणि एक आई होणं. शाईचा_डागच्या डिनरपेक्षा फार जास्त नाही. तरी अंक भरलेला वाटतो, कारण अंकाच्या सुरुवातीला सर्सी जी होती ती शेवटी राहिलेली नाही. मला वाटतं अंकात "काय काय झालं" हे मोजण्यापेक्षा कोणी बदललं का ते बघावं. स्पायडरमॅन ४ मध्ये माझ्या मते शेवटच्या पानापर्यंत कोणीच बदलत नाही, सगळे लपवत बसतात आणि शेवटी एकदाचं उघड होतं. म्हणून मी तिथे पानपलट्याच्या बाजूने आहे, पण त्याच्या कारणासाठी नाही.

शाईचा_डाग

@तिसरी_चौकट लपवत बसणं हीच तर गोष्ट आहे ना पण. आणि शेवटी उघड होतं म्हणजे दोघांचं नातं बदललंच की. तुला सर्सी चालते आणि हॅरी चालत नाही, हा आवडीचा फरक झाला.

तिसरी_चौकट

आवडीचा नाही. सर्सीचा बदल पायरीपायरीने दिसतो, प्रत्येक पानावर थोडा. हॅरी-पीटरचा शेवटच्या पानावर एकदम येतो, क्लिफहँगर म्हणून. क्लिफहँगर म्हणजे बदल नाही, ते पुढच्या महिन्याचं वचन आहे.

जुनाट_अंक

सुपरमॅन १ बद्दल बोला की कोणी, धागा त्यानेच सुरू झाला आणि तोच बाजूला पडला.

मला सगळ्यात जास्त तोच लागला. लेखक जेसन आरोन, चित्रकार राफा सँडोवाल. सुपरमॅनच्या ग्रहावर, क्रिप्टॉनवर, वर्गव्यवस्था आहे आणि त्याचं एल घराणं शास्त्रज्ञ वगैरे नाही, कष्टकरी आहे, छातीवरचा एस त्यांच्या वर्गाची खूण आहे. लहानपणापासून एस म्हणजे घराण्याचं चिन्ह म्हणून बघितलेलं, आणि इथे ज्यांना खाली दाबलंय त्यांचा शिक्का तो अभिमानाने मिरवतोय. हा अख्ख्या लाइनमधला सगळ्यात मोठा बदल आहे, कुऱ्हाड-बिऱ्हाड सोडा. पृथ्वीवर तो ब्राझीलच्या खाणीत मजुरांच्या बाजूने लॅझरस कॉर्पोरेशनशी भिडतो आणि लोइस लेन चक्क त्या लॅझरसची एजंट आहे.

कमी काय तर क्रिप्टॉन आणि पृथ्वी दोन्ही एकाच अंकात कोंबलंय. क्रिप्टॉनवर अजून थांबायला हवं होतं, त्याचा बाप जोर-एल काम करताना अजून दिसायला हवा होता. म्हणजे पानपलट्या, तुझ्या नियमाने हा चांगला अंक, भरपूर घडतं, आणि मला मात्र नेमकं त्यामुळेच तो अपुरा वाटला.

पानपलट्या

@जुनाट_अंक "भरपूर घडावं" असं मी म्हणत नाहीये, घडायला हवं म्हणतोय, गच्च भरा म्हणत नाही.

आणि कोणी मला असं समजू नका की मार्व्हलवर राग आहे. त्याच अल्टिमेट लाइनमध्ये डेनिझ कॅम्पची द अल्टिमेट्स आहे, तिचा चौथा अंक वाचला का कोणी? पानाच्या चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्सच्या आयुष्याचा वेगळा काळ, चारही गोष्टी एकत्र पुढे सरकतात. आडवं वाचलं तर एका काळातला सलग रीड, उभं वाचलं तर तोच माणूस मेकरच्या छळाने डूम हा मुखवटाधारी कसा झाला ते एका नजरेत. पुढचा मागचा काही माहीत नसेल तरी हातात धरून वाचता येतो आणि संपतो. संपतो! वीसेक पानांचा सुटा अंक काय करू शकतो ते तिथे दिसतं, ते ट्रेड डोक्यात ठेवून लिहिलेलं वाटतच नाही. हिकमनसारख्या माणसाकडून मला याच्या निम्मं तरी हवं.

बुधवारवाला

अल्टिमेट्स ४ बद्दल शंभर टक्के. पण दर महिन्याला असं कोणी करू शकत नाही आणि करूही नये. दर अंकात पानाची अशी कसरत केली तर चार महिन्यांत माणूस कंटाळेल. तो अंक उठून दिसतो कारण आजूबाजूचे तीन साधे आहेत. स्पायडरमॅनच्या डिनरचंही तसंच, अ‍ॅक्शनच्या अंकांनंतर तो आला म्हणून श्वास घेता आला.

गॉथमकर_नाही

श्वास घ्यायला महिनाभराचा गॅप आहेच की राव. अंकातच कशाला परत?

शाईचा_डाग

कारण महिनाभर आपण श्वास घेतो, पीटर नाही. त्याचा संसार कुठेतरी दिसायला हवा ना, नाहीतर फिस्क जेव्हा घरावर येईल तेव्हा आपल्याला काय फरक पडणार आहे? एमजे टेबलावर कशी बसते, पीटर खोटं बोलताना कुठे बघतो, हे माहीत असेल तर पुढचा ठोसा लागतो. हिकमनवर हिशोब कच्चा असल्याचा आरोप तरी कोणी करू नये.

पानपलट्या

ठोसा कधी लागणार हाच तर माझा प्रश्न आहे. तू त्या अंकाला उधारीवर चांगला म्हणतोयस, पुढे काहीतरी होईल म्हणून. मी अंक आज वाचतो, आज ठरवतो. बॅटमॅन २ मध्ये हाच ढिसाळपणा दिसला तर इथे येऊन तितकंच जोरात लिहीन.

तिसरी_चौकट

बॅटमॅन आणि सुपरमॅन दोघांचे दुसरे अंक आले की बोलूच, पण तोवर ज्यांनी वंडर वुमन १ वाचला नाही त्यांनी कृपा करून आधी तो वाचा. या लाइनच्या आधी आलेलं डीसी ऑल इन स्पेशल वाचलं नसेल तरी अडत नाही. डार्कसाईड या खलनायकामुळे हे जग असं झालं एवढं माहीत असलं की पुरे.

जुनाट_अंक

आणि सुपरमॅन वाचताना क्रिप्टॉनची पानं सावकाश वाचा, मागे उभ्या असलेल्या माणसांचे कपडे आणि हात बघा. सँडोवालने तिथे जे काढलंय ते बबलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.