लक्ष्मीच्या पावलावरचं कुंकू पुसायचं का?

ओटीवरची:
आजीच्या देवघरातली लक्ष्मीची तसबीर माझ्याकडे आली आहे. रविवर्मा प्रेसचा छापा. खाली इंग्रजीत कार्ला, लोणावळा एवढं जेमतेम वाचता येतं. काच फुटल्यावर आजीने नवी बसवलीच नाही, थेट कागदावर कुंकू लावत राहिली. एका पावलावर त्याचा खरखरीत थर बसलाय. साडीच्या काठाला तिने टिकल्या चिकटवल्या होत्या. काही गळल्या, तिथे डिंकाचे पिवळे डाग.

फ्रेमवाला म्हणतो, "ताई, टिकल्या काढतो, कुंकू पुसतो, एकदम ओरिजिनल करून देतो."

ओरिजिनल म्हणजे कुठलं पण? बडोद्याच्या फतेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची तैलचित्रं पाहिलीत मी. हात मागे बांधून, रंग कसा लावलाय ते न्याहाळत. हात जोडावेत असं एकदाही मनात आलं नाही. या विटक्या कागदापुढून मात्र चपला घालून जाववत नाही. काय करू?

शिळाछाप:
आधी एक, पाणी लावू देऊ नका. वॉर्निशला तडे असतील तर खालचा कागद भिजला म्हणून समजा. आता भिंग घेऊन लक्ष्मीचा गाल बघा, ठिपकेच ठिपके दिसतील. १८९४ मध्ये मुंबईत हा प्रेस निघाला तो जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. छपाई दगडावरून व्हायची, एकेका रंगाला वेगळा दगड, आणि दगडावर चित्र उतरवणार कारागीर. तेव्हा तो गाल रविवर्म्याच्या हातचा नाहीच. फ्रेमवाला कुणाचं ओरिजिनल काढून देणार?

जुनाबाजार:
टिकल्यांना हात लावू नका! जरी-टिकल्या लावलेल्या प्रती हौशी लोक मुद्दाम शोधत फिरतात. (विकायची असेल तर... बरं, राहू दे.)

पाटपाणी:
आमची सरस्वती साबणाच्या कॅलेंडरवरची. डिसेंबर संपला, वडिलांनी तारखांचा भाग कात्रीने कापला आणि चित्राला चौकट करून आणली. कापताना साबणाच्या नावाचं शेवटचं अक्षर राहून गेलं. लहानपणी मला तो बीजमंत्र वाटायचा.

ओटीवरची:
पाटपाणी, भारी! टिकल्या ठेवते. कुंकवाचं अजून ठरत नाही. बहीण म्हणते, हॉलमध्ये सोफ्याच्या वर लाव, शोभेल. पण सोफ्यावर बसलं की पाठ लक्ष्मीकडेच होते.