स्पास्की म्हणजे केवळ रेक्याविकचे पराभूत नव्हेत

सोव्हिएत बुद्धिबळपटू बोरिस स्पास्की यांचे नाव १९७२ मध्ये आइसलँडमधील रेक्याविक येथे जगज्जेतेपदाच्या लढतीत अमेरिकेच्या बॉबी फिशर यांच्याकडून हरल्यामुळेच लोकांच्या लक्षात राहिले, असे मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. १९३७ साली लेनिनग्राडमध्ये जन्मलेले स्पास्की १९५५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कनिष्ठ गटाचे विश्वविजेते आणि ग्रँडमास्टर झाले. १९६६ मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत तत्कालीन विश्वविजेते टिग्रान पेट्रोसियान यांच्याकडून हरल्यावर आव्हानवीर ठरवणाऱ्या फेऱ्या त्यांनी पुन्हा जिंकल्या आणि १९६९ मध्ये त्याच पेट्रोसियान यांना नमवून जगज्जेतेपद मिळवले. १९७२ च्या लढतीपूर्वी फिशर यांना स्पास्की यांच्याविरुद्ध एकही डाव जिंकता आला नव्हता, हे तर सहसा विसरलेच जाते.

रेक्याविकमध्ये फिशर दुसऱ्या डावाला आलेच नाहीत, तेव्हा २-० अशी आघाडी हाती असताना आणि मॉस्कोहून परतण्याचा आग्रह होत असतानाही, स्पास्की यांनी तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत खेळण्याचे मान्य केले. सहावा डाव हरल्यावर तर प्रेक्षकांबरोबर त्यांनीही फिशर यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जगज्जेतेपद पणाला लागलेले असताना इतका निर्मळ आदर दाखवणारा दुसरा विश्वविजेता मला आठवत नाही, आणि २०२५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही मला प्रथम त्या टाळ्याच आठवल्या.