यीस्टचे प्रोटीन कायनेज जीन शोधायचेत, यादी जुळत नाहीये

रानजाई_पुणे:
नमस्कार, मी पुण्यात एमएससी करतेय, प्रोजेक्टसाठी सॅकरोमायसिसचे (बेकरीच्या यीस्टचे) सगळे प्रोटीन कायनेज जीन, म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचे जीन, काढायचेत. एसजीडीवर (यीस्ट जिनोमचा डेटाबेस) नुसतं 'कायनेज' टाकलं तर ढीगभर नावं आली, त्यात एचएक्सके१ आणि पीजीके१ पण आहेत, पेपरमध्ये मात्र ११३ लिहिलंय. गाइड म्हणतात डोमेनवरून, म्हणजे प्रोटीनमधल्या ठरावीक कामाच्या भागावरून काढ. नक्की काय करायचं? विद्यापीठात नाहीतर पाषाणच्या संशोधन संस्थांत कुणी केलंय का हे?

मुठाकाठ:
अगं एचएक्सके१ म्हणजे हेक्झोकायनेज, ते साखरेवर फॉस्फेट लावतं, प्रोटीनवर नाही. पीजीके१ पण ग्लायकोलिसिसमधलंच. नावावर जाऊच नकोस. एसजीडीवरून सगळ्या प्रोटीनची फास्टा फाइल (सिक्वेन्सची साधी टेक्स्ट फाइल) उतरव, साधारण ६,००० सिक्वेन्स आहेत, पीफॅमचं (डोमेनच्या घराण्यांचा डेटाबेस) प्रोटीन कायनेजचं पीएफ०००६९ मॉडेल घे आणि एचएमएमसर्च (मॉडेलशी जुळणारे सिक्वेन्स शोधणारा प्रोग्राम) चालव, साध्या लॅपटॉपवर होतं. खरं काम त्याच्यापुढे आहे, ज्यांची ई-व्हॅल्यू (योगायोगाने जुळण्याचा अंदाज) काठावरची असेल ते हिट अलाइनमेंट उघडून डोळ्यांनी बघायचे. डोमेन २५०-३०० अमिनो आम्लांचा असतो, सुरुवातीला ग्लायसिनचा लूप, मग एटीपी धरणारं लायसिन, मध्यावर एचआरडी, पुढे डीएफजी, शेवटाकडे एपीई (ही अमिनो आम्लांची एकेक अक्षरं). आधी सीडीसी२८ (पेशीचक्र चालवणारं कायनेज) उघड, त्यात लूप जीईजीटीवायजी असा स्वच्छ दिसतो, एकदा तो नजरेत बसला की बाकीचे पटापट ओळखू येतात.

सिंहगडरोड:
वरचं बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबू नको. टॉर१, टॉर२, मेक१, टेल१ प्रोटीनवरच फॉस्फेट लावतात पण त्यांचा डोमेन पीआय३-कायनेजच्या घराण्यातला, पीएफ०००६९ मध्ये ते येणारच नाहीत. रिओ१, रिओ२ चं पण वेगळं मॉडेल आहे. यांची शीट वेगळी ठेव. जिनोम १९९६ ला पूर्ण झाला आणि ११३ हा १९९७ चा आकडा, तोही नेहमीच्या घराण्यातल्यांचाच, त्यामुळे सगळे एकत्र मोजलेस तर तो जुळणार कसा?

रानजाई_पुणे:
थँक्यू दोघांनाही! सीडीसी२८ चा लूप दिसला. टायरोसिन कायनेजचा पण वेगळा गट करू का?

मुठाकाठ:
नको, माणसात असतं तसं टायरोसिन कायनेजचं घराणं यीस्टमध्ये नाहीच. टायरोसिनवर फॉस्फेट लावणारे आहेत, स्वी१ बघ, तुला आत्ता दिसलेल्या लूपमधला वाय म्हणजे टायरोसिन १९, त्याच्यावरच ते फॉस्फेट बसवून सीडीसी२८ ला अडवतं. पण सिक्वेन्सवरून स्वी१ सेरीन-थ्रिओनिनवाल्यांतच बसतं, तिथेच ठेव आणि शेजारच्या कॉलमात नोंद कर.