मदत हवी आहे: वाफेच्या इंजिनाच्या जुन्या मॉडेलला दांडे बसवायचेत, तार कोणती? अर्जंट

परभणीचा_पोपट:
नमस्कार मंडळी. मामाकडून खेळण्यातलं, विजेवर चालणारं जुनं इंजिन आलंय, हिरवं, मागं कोळशाचा डबा. बाजूचे धरायचे दांडे बॉडीतच उठावदार केलेत, ते खरवडून काढून तिथं खरी तार बसवायचीय, डब्यात खरा कोळसा टाकायचाय आणि वरून थोडी काजळी, थोडा गंज असा रंग मारायचाय. तार किती जाडीची आणि कशानं चिकटवू एवढंच सांगा. शनिवारी पोराच्या शाळेत प्रदर्शन आहे. आणि हां, थोडं चालून गरम होऊन बंद पडायलंय, ते बी सांगा.

मोजपट्टी:
कोणती कंपनी? रूळ किती रुंदीचा? वीज कशानं देताय? फोटो?

परभणीचा_पोपट:
अहो मी तार विचारायलोय, तुम्ही रूळ काय मोजायलेत. नंबर ४६२०१ आहे, बास का?

जंक्शनकाका:
अरे वा, हे तर ट्रायँग ह्या इंग्लंडच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या कंपनीचं प्रिन्सेस एलिझाबेथ! खरं इंजिन १९३३ चं, इंग्लंडातल्या क्रू गावच्या कारखान्यातलं. १९३६ साली लंडन ते ग्लासगो कुठं न थांबता सहा तासांच्या आत गेलं होतं. पण पोरा, परभणीत इंग्लंडची राणी कशाला फिरवायची? त्याचं वायपी कर, आपल्याकडचं वाफेचं इंजिन. चाकं तीच, पुढं चार, मधी सहा, मागं दोन. आमचे वडील पूर्णेच्या शेडात फायरमन होते, रात्री घरी आले की डोळे आणि दात तेवढे दिसायचे. काळा रंग मार, पुढं मोठा दिवा लाव, काम झालं.

मोजपट्टी:
काका, चाकं जुळली म्हणून वायपी होत नसतंय. वायपी मीटर गेजची, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळाची. हे मॉडेल १:७६ चं आहे, म्हणजे खऱ्याच्या ७६ पट लहान, त्या मापात मीटर गेज १३ मिमी भरतं आणि ह्याचा रूळ १६.५ चा. आपलं ब्रॉडगेज धरलं तर २२ मिमी पाहिजे. ह्या रुळावर कशाचं मॉडेल बसत असंल तर लातूरच्या बार्शी लाईट ह्या अरुंद रुळाच्या छोट्या रेल्वेचं, ते बी १:४६ धरून, म्हणजे बॉडी सगळी नव्यानं बनवायची.

जंक्शनकाका:
शाळेतली लेकरं काय फूटपट्टी घेऊन येणारेत का?

डिकोडरदादा:
तार-बिर नंतर, आधी डीसीसी करा, म्हणजे डिजिटल कंट्रोल. इंजिनात डिकोडर, म्हणजे त्याचं छोटं सर्किट, टाकलं की आवाज, लाईट, हळू स्पीड सगळं मिळतं. मी माझ्या सगळ्या गाड्या केल्या.

लातूरची_सोल्डरताई:
दादा, तुमच्या गाड्या नव्या असतील. ह्यात बहुतेक एक्स०४ मोटर असणार, तिचा एक कार्बन ब्रश थेट चेसिसला जोडलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर लावला तर डिकोडर गेलाच म्हणून समजा. उगं नवख्या माणसाला खर्चात घालू नका.
पोपटभाऊ, वीज कशातून देताय ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

परभणीचा_पोपट:
राउटरचा अडॅप्टर आहे, १२ व्होल्ट. त्याच्यावर ०.५ ए लिहिलंय. फोटो टाकलाय बघा. तार सांगा ना ताई.

लातूरची_सोल्डरताई:
मग ते बंद पडणारच. जुन्या मोटरचं मॅग्नेट कमजोर झालं की ती जास्त करंट ओढते आणि तापते, अर्धा अँपिअर तिला पुरत नाही. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या आणि एका वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा. डबा घसरून शॉर्ट झालं तर बल्ब पेटेल, अडॅप्टर वाचेल. मोटरच्या ज्या तांब्याच्या गोल भागावर ब्रश घासतात त्याच्यावरची काजळी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा, फटीतली टूथपिकनं काढा, दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मात्र बाहेर काढू नका. काढलं की मॅग्नेट अजून उतरतं, आधी त्याला लोखंडाची पट्टी लावावी लागते. पुढं सवडीनं निओडिमियम मॅग्नेट टाका, ताकद वाढते आणि करंट कमी लागतो.
तार म्हणाल तर अकॉस्टिक गिटारच्या लाईट सेटमधली दुसरी तार घ्या, ०.४ मिमीची असते. चांगल्या कटरनं कापू नका, पात्याला खाच पडते. भोकं ०.५ ची, सर्किट बोर्डाला भोकं पाडायच्या बारीक बिटानं, हातानंच फिरवून. सुपरग्लू आतल्या बाजूनं टेकवा, बाहेर लावला तर भोवती पांढरी वाफ धरते.
पण फोटोत बॉडी मधी उचललेली दिसायली, खाली चेसिसवर बसत नाही का?

परभणीचा_पोपट:
हो, पुढचा स्क्रू आवळला की मागून वर येतंय. पत्र्याच्या खोलीत होतं म्हणून असंल.

मोजपट्टी:
ही अगदी सुरुवातीची बॉडी असणार, सेल्युलोज ॲसिटेट ह्या जुन्या प्लास्टिकची. केळ्यासारखी वाकतात त्या. नाकाजवळ धरा, आंबट वास येतो का बघा.

जंक्शनकाका:
गरम पाण्यात धरून सरळ कर, त्यात काय एवढं.

मोजपट्टी:
काका कृपा करा. गरम पाण्यात अजून वेडीवाकडी होते. आणि पोपटराव, ॲसिटोन म्हणजे नेलपेंट रिमूव्हर जवळ बी नेऊ नका, विरघळंल. दांडे खरवडायचे तर नंतरच्या, पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या बॉडीवर खरवडा, ती सुटी मिळते. ही जशी आहे तशी ठेवा. माझं मत विचाराल तर जुन्या ट्रायँगला ब्लेड लावूच नये.

लातूरची_सोल्डरताई:
तुमचं मत कोणी विचारलं नव्हतं पण ह्या वेळेला पटलं. 😄

गोदाकाठ:
रेल्वेवाले दिसायलेत इथं म्हणून विचारतो, देवगिरी एक्सप्रेसचं वेटिंग १८ आहे, कन्फर्म होईल का? परवाचं आहे.

डिकोडरदादा:
तत्काळ बघा.

परभणीचा_पोपट:
वास आला राव, चांगला व्हिनेगरसारखा. मग बॉडीला हात लावत नाही, नवी बॉडी मागवून दांडे दिवाळीत बघू. २ अँपिअरचा अडॅप्टर सीसीटीव्हीवाल्या दोस्ताकडून आणला, बल्ब गॅरेजमधून. आता थांबत नाही, फक्त सुरुवातीला हातानं ढकलावं लागतंय. डब्यात इस्त्रीवाल्याचा कोळसा चालंल का?

लातूरची_सोल्डरताई:
चालंल. फडक्यात घालून फोडा, चहाच्या गाळणीनं भुकटी काढून टाका, वरचे खडे घ्या. खाली काळा कागद कापून ठेवा आणि त्याच्यावर चिकटवा, डब्याला नाही. फेविकॉल पाण्यात पातळ करून भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर कोळशावर नुसते थेंब उभे राहतात. आणि ढकलावं लागतंय म्हणजे चाकं मळलेली असतील, ती बी पुसा.

जंक्शनकाका:
नवी बॉडी येणारच आहे तर ती तरी काळी कर. वायपीचे जुने फोटो आहेत माझ्याकडं, पाठवू का?